नामपल्लीची अदृश्य चढण

नामपल्ली स्थानकावरून निघून सार्वजनिक बागेच्या, म्हणजे जुन्या बाग-ए-आमच्या, भिंतीलगत विधानसभेकडे, आणि तेथून लकडी-का-पूल व मासाब टँक ओलांडून बंजारा हिल्सच्या बाजूला नोकरीनिमित्त रोज सायकलने जाणाऱ्या मनुष्यास हैदराबादच्या चढउतारांविषयी कोणी काही सांगण्याची आवश्यकता नाही. दख्खनच्या ग्रॅनाइट खडकावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेल्या या नगराचा भूगोल त्याच्या पायांना तोंडपाठ झालेला असतो. परंतु जिची नोंद कोणत्याही नकाशात नाही, जी सपाट रस्त्यावर संपत नाही आणि उतारावरही पाठ सोडीत नाही, अशी आणखी एक चढण त्याच्या दोन चाकांवर गुंडाळलेली असते, आणि ती किती तीव्र असावी हे ठरविण्याचा अधिकार बव्हंशी त्याच्याच हाती असतो.

चाक फिरताना टायरचा जो भाग जमिनीस टेकतो तो दबतो, वाकतो, आणि पुढे सरकताच पूर्वस्थितीला येतो. दबण्यासाठी खर्ची पडलेली सर्व ऊर्जा रबराने उसळताना परत केली असती तर स्वाराचे काहीच गेले नसते. पण रबराचा स्वभावच असा की घेतलेल्यापैकी काही अंश ते उष्णतेच्या रूपाने गमावून बसते, आणि ही तूट प्रत्येक फेऱ्याला स्वाराच्या मांड्यांतून भरून काढावी लागते. शास्त्रात या गुणधर्मास हिस्टेरिसिस म्हणतात, आणि त्यातून उद्भवणाऱ्या अडथळ्यास लोटन-रोध. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून सावकाश जाणाऱ्याला तो फारसा जाचत नाही. लोटन-रोध मात्र जमीनसाऱ्यासारखा, पीक येवो वा न येवो, प्रत्येक मीटरमागे ठरलेल्या दराने वसूल होत राहतो.

हा दर किती? गुळगुळीत, चांगल्या प्रतीच्या व नीट हवा भरलेल्या टायरला साधारण रस्त्यावर तो वजनाच्या अर्धा टक्का, आणि जाड गाठींच्या, हवा कमी असलेल्या टायरला एक टक्का किंवा त्याहून थोडा अधिक पडतो. स्वार, सायकल आणि डब्याची पिशवी मिळून ८५ किलो वजन धरले तर पहिला टायर सायकलीस ४२५ ग्रॅम वजनाइतक्या जोराने मागे ओढतो, दुसरा ८५० ग्रॅमच्या. एक टक्का रोध याचा अर्थच शंभर मीटरमागे एक मीटर चढण. तेव्हा या दोन टायरांमधील अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे संपूर्ण शहरावर, सपाटीवर आणि उतारावरसुद्धा, किलोमीटरमागे पाच मीटरांची जादा चढण पसरून ठेवण्यासारखे झाले. नामपल्लीहून ज्युबिली हिल्सच्या दिशेने साडेआठ किलोमीटर जाऊन संध्याकाळी तितकेच परत येणाऱ्या मनुष्याची ही जादा चढण ८५ मीटर भरते. आणि ज्या नौबत पहाडावर आज बिर्ला मंदिर उभे आहे त्याची उंची सुमारे २८० फूट, म्हणजे जवळजवळ तेवढीच, सांगितली जाते. गाठींच्या टायरवर रोज कामाला जाणारा हा गृहस्थ रोज एक नौबत पहाड चढतो, आणि वर पोहोचल्याचे दर्शनसुख तेवढे त्याला मिळत नाही.

या गाठींच्या, दुकानदारांच्या भाषेत बटणाच्या, टायरचा मूळ उद्देश निराळा. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीचे काही हौशी तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन टॅमल्पायस पर्वताच्या कच्च्या वाटांवरून खाली सुटत, आणि त्या खेळातून माउंटन बाइक जन्मास आली. भुसभुशीत मातीत गाठ रुतते आणि पकड मिळते. डांबरात किंवा सिमेंट-काँक्रीटमध्ये ती रुतणार कोठे? उभ्या सायकलीच्या मागच्या टायरची एखादी गाठ अंगठ्याने बाजूला रेटून पाहावी: ती कलते, आणि सोडताच सावकाश सरळ होते. प्रत्येक फेऱ्यात शेकडो गाठी असे कलणे आणि सरळ होणे करीत असतात, आणि टायरची गुणगुण म्हणून जो आवाज कानी येतो त्याचीही किंमत स्वारच मोजत असतो.

यावर कोणी म्हणेल की मग शर्यतीच्या सायकलीसारखे अरुंद टायर बसवावेत. हा समज फार रुजलेला आहे, आणि म्हणूनच तो थोडा तपासला पाहिजे. टायर जमिनीला किती क्षेत्रावर टेकतो हे मुख्यतः भार आणि हवेचा दाब यांवरून ठरते: मागच्या चाकावर १०० पौंड भार असेल आणि हवा दर चौरस इंचास ५० पौंड असेल, तर टेकलेला भाग सुमारे दोन चौरस इंच, हवा २५ वर उतरली की तोच चार. मात्र अरुंद टायरमध्ये हे क्षेत्र लांबट होते आणि रुंद टायरमध्ये आखूड, पसरट. लांबट भागात टायरचा अधिक परीघ दबतो, त्यामुळे दाब सारखाच असेल तर रुंद टायरच किंचित हलका चालतो. अरुंद टायरला भरपूर दाब देऊन ही उणीव भरून काढता येते खरी, पण मग काँक्रीटच्या प्रत्येक सांध्यावर सायकल आणि स्वाराचे शरीर दोन्ही हादरतात, आणि त्या हादऱ्यांतही ऊर्जा वाया जातेच. आपल्या रस्त्यांना मध्यम रुंदीचा, सपाट नक्षीचा, पातळ पाठीचा टायर मानवतो. आपल्या वडिलांच्या पिढीच्या ॲटलस किंवा हर्क्युलिस सायकलीचा २८ × १½ चा टायर नेमका असाच होता, ४० मिलिमीटर रुंद आणि उथळ रेघांचा. रोज कामाला जाण्याच्या सायकलीसाठी ती निवड किती योग्य होती, हे आज हिशेब मांडल्यावर अधिकच पटते.

पावसाळ्यात गुळगुळीत टायर घसरेल ही भीती स्वाभाविक आहे. मोटारीच्या रुंद टायरखाली पाण्याचा थर अडकून ती तरंगू शकते, म्हणून तिला खोल चरांची गरज असते. सायकलीचा टेकलेला भाग अरुंद आणि त्यावरील दाब मोठा, त्यामुळे तिला असे तरंगायला ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वेग लागेल. ओल्या डांबरावर रबर जितके अधिक टेकेल तितके बरे, आणि गाठींच्या मधल्या पोकळ जागा तेच कमी करतात. चिखल, मॅनहोलची लोखंडी झाकणे आणि रस्त्यावरील रंगीत पट्टे मात्र कोणत्याही टायरला धोक्याचेच. तेथे वेग आवरणे हाच उपाय.

लाभ नेमका किती, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ताशी १८ किलोमीटर वेगाने सपाटीवर जाताना गाठींचा टायर सुमारे ४२ वॅट खातो, गुळगुळीत २१. हवेसाठी लागणारे चाळीसेक वॅट दोहोंत सारखेच. म्हणजे एकूण श्रम चतुर्थांशाने कमी होतात, परंतु तेवढेच श्रम कायम ठेवले तरी वेग १८ वरून फार तर २० वर जातो, आणि अर्ध्या तासाच्या वाटेत तीनच मिनिटे वाचतात. शिवाय प्रत्येक सिग्नलला थांबून पुन्हा तोच वेग घेण्यास सुमारे हजार जूल लागतात, जेवढे टायर बदलून पाव किलोमीटरमध्ये वाचतात. वर्दळीच्या चौकांपुढे कोणत्याही टायरची मात्रा चालत नाही. वाचतो तो घाम. आणि एप्रिल-मेच्या हैदराबादेत सदरा बदलावा न लागता कामावर हजर होणे ही मला सामान्य गोष्ट वाटत नाही.

ज्यांना नवा टायर घेणे आज शक्य नाही त्यांनी निदान हवेकडे लक्ष द्यावे. पंक्चरवाल्याकडे हवा भरून टायर अंगठ्याने दाबून पाहण्याचा आपला रिवाज जाड पाठीच्या टायरला निरुपयोगी आहे, कारण तेथे ३० आणि ५० पौंड अंगठ्याला सारखेच कडक लागतात. ट्यूबमधून हवा आपोआप झिरपत असते, म्हणून दाबमापक असलेला पायपंप घरी ठेवून आठवड्यातून एकदा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेच्या आत हवा भरावी. आणि नवा टायर घेण्यास जाल तेव्हा केवळ २६ इंची असे सांगू नका: जुन्या टायरच्या कडेवरचा ५४-५५९ सारखा आकडा कागदावर उतरवून न्या. त्यातील पहिला भाग रुंदीचा, तो ४० च्या आसपास आणला तरी चालतो. दुसरा रिमचा व्यास, तो मात्र तंतोतंत जुळला पाहिजे, कारण २६ × १⅜ या नावाने विकला जाणारा ५९० चा टायर ५५९ च्या रिमवर बसत नाही.