जुन्या मालिका परत येतात तेव्हा

जुनी मालिका परत येणार अशी बातमी आली की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, "वा! आता परत ते दिवस येणार." दुसरी म्हणते, "कशाला उगाच? आहे ते तसंच राहू द्या की." पहिल्या पार्टीत आपले मेसचे काका आणि निम्मा स्टाफ, दुसरीत माझ्या विंगमधल्या झाडून सगळ्या मुली. मला दोन्ही पार्ट्यांचं पूर्ण पटत नाही, म्हणून हा लेख.

तुम्ही म्हणाल, सबमिशन तोंडावर आलेलं असताना हा काय विषय! सांगते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास. बाकीची मराठी मला मिळाली ती आमच्या आण्याच्या घरी, सुट्टीत आज्जीच्या शेजारी टीव्हीसमोर बसून. 'अनुदिनी' म्हणजे डायरी, हे मला कुठल्या डिक्शनरीने नाही, तर 'श्रीयुत गंगाधर टिपरे'च्या जुन्या भागांनी शिकवलं. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून केदार शिंदेंनी ही मालिका केली आणि २००१ मध्ये ती अल्फा मराठीवर सुरू झाली, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. तेव्हा जुन्या मालिका टिकतात की नाही, हा माझ्यासाठी नुसता टाइमपासचा प्रश्न नाही. माझं अर्धं पाठ्यपुस्तक त्यात आहे.

पहिली गोष्ट, 'परत येणं' या एका शब्दात आपण तीन वेगळी कामं कोंबतो. जुनी टेप जशीच्या तशी दाखवणं वेगळं, जुनं नाव घेऊन नवी माणसं उभी करणं वेगळं, आणि जुनीच माणसं आता कुठे पोचली ते दाखवणं आणखी वेगळं. तिन्हींचं नशीब सारखं नसतं.

जशीच्या तशी टेप दाखवण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपण सगळ्यांनीच पाहिलंय. लॉकडाऊन लागल्यावर २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने रामानंद सागरांचं 'रामायण' पुन्हा सुरू केलं. त्याच दिवशी डीडी भारतीवर बी. आर. चोप्रांचं 'महाभारत'. १६ एप्रिलचा 'रामायण'चा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला आणि हा जागतिक विक्रम आहे, असा दावा दूरदर्शनने केला. (विक्रमाचं जरा जपून घ्या. अमेरिकेत 'मॅश' मालिकेचा शेवटचा भाग १९८३ मध्ये १० कोटींहून जास्त लोकांनी पाहिला होता.) विक्रम असो नसो, त्या आठवड्यांत दूरदर्शन सगळ्या खासगी चॅनेलांच्या पुढे होतं, हे मात्र खरं.

मग यावरून 'जुनं तेच सोनं' सिद्ध झालं का? मला नाही वाटत. १९८७ साली 'रामायण' पहिल्यांदा लागलं तेव्हा चॅनेल जवळपास एकच. पप्पा सांगतात, आण्यात तेव्हा टीव्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओट्यापर्यंत माणसं, आणि एक पोरगा कायमचा पत्र्यावर, अँटेना फिरवायला. २०२० साली चॅनेल शेकड्याने होते, पण शूटिंग बंद, त्यामुळे नवं काहीच नाही, आणि तीन पिढ्या एका घरात कोंडलेल्या. म्हणजे दोन्ही वेळा परिस्थिती तीच, दुसरं काही नव्हतं आणि सगळे एकत्र बसले होते. जुलै २०२० मध्ये मालिकांचे नवे भाग सुरू झाले आणि लोक आपापल्या चॅनेलवर परत गेले.

आमच्या गावात रंगदास स्वामींची यात्रा असते. प्रसाद दर वर्षी आमटी-भाकरी. मोठमोठ्या कढयांत आमटी शिजते, गावोगावहून भाकरी येतात. आजवर कुणी 'आमटी २.०' मागितलेली नाही. चव तर आहेच, पण खरी गोष्ट म्हणजे पंगत. तीच आमटी डब्यात भरून हॉस्टेलच्या रूमवर एकटीने खाल्ली तर ती चांगलीच लागते, पण ती यात्रा नसते. रीटेलिकास्टचं तसंच आहे. टेप परत आणता येते, पंगत परत आणता येत नाही. आपल्या टीव्ही रूमची हालत बघा ना. मॅच असेल तेव्हा पाय ठेवायला जागा नाही, एरवी प्रत्येकजण आपापल्या गादीवर, कानात इअरफोन.

आता थोडं आपल्या धंद्याचं बोलू, कारण टेप परत आणणं हेही वाटतं तितकं सोपं नाही. जुनी टीव्ही सिस्टिम ६२५ ओळींची, त्यातल्या दिसणाऱ्या ५७६. तीही इंटरलेस्ड, म्हणजे एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी, सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर हे डोळ्यांना कळायचं नाही. आजच्या पॅनेलवर तीच टेप सरळ लावली तर धावणाऱ्या रथाच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात. डिजिटल केल्यावर ते चित्र होतं ७२० गुणिले ५७६. कॅल्क्युलेटर घ्या, ४,१४,७२० पिक्सेल. फुल एचडी स्क्रीनचे २०,७३,६००. बरोब्बर पाचपट! म्हणजे पूर्ण स्क्रीन भरायची तर जिथे एका पिक्सेलची माहिती आहे तिथे पाच भरायचे, उरलेले चार मशीनने अंदाजाने. शिवाय जुनं चित्र ४:३, आजची स्क्रीन १६:९. ताणलं तर सगळे पैलवान दिसतात, वरून-खालून कापलं तर चित्राचा चक्क पाव भाग जातो, मग कुणाचा मुकुट जातो नाहीतर कुणाचे पाय. बाजूला काळ्या पट्ट्या सोडणं हाच प्रामाणिक उपाय, पण त्या पट्ट्या बघितल्या की माझी रूममेट विचारते, "टीव्ही खराब आहे का?" 'फ्रेंड्स' एवढं चकचकीत दिसतं कारण ते मुळात फिल्मवर शूट झालं होतं. फिल्मवरून पुन्हा स्कॅन करता येतं. व्हिडिओ टेपवर जे नोंदलंच नाही ते कुठून आणणार?

आणि ही झाली टेप शिल्लक असलेल्यांची गोष्ट. पूर्वी टेप फार महाग, म्हणून एकच टेप पुसून पुन्हा वापरायची पद्धत जगभर होती. बीबीसीने 'डॉक्टर हू'चे १९६० च्या दशकातले कितीतरी भाग असेच घालवले. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि त्याच्या सुरुवातीच्या काळातलंही बरंच काही आज उरलेलं नाही. चिं. वि. जोशींच्या कथांवरची 'चिमणराव' ही मालिका १९७० च्या दशकाच्या शेवटी घराघरांत पोचली होती. चिमणराव प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. आज्जी अजून एखाद्या गोंधळ्या माणसाला चिमणराव म्हणते. मी तो शब्द तिच्याकडून घेतला, पण मालिका बघून घेता आला नाही. रिमेक चांगला की वाईट ही भांडणं नंतरची. आधी टेप वाचवा म्हणावं.

दुसरा प्रकार, जुनं नाव नवी माणसं. इथे मराठीत हात भाजल्याची उदाहरणं भरपूर आहेत. 'अग्निहोत्र' २००८ मध्ये स्टार प्रवाहवर आली. तो वाडा, ते विखुरलेलं कुटुंब लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. डिसेंबर २०१९ मध्ये 'अग्निहोत्र २' सुरू झाली आणि मार्च २०२० मध्ये संपलीसुद्धा, चार महिनेही नाहीत. 'फू बाई फू' २०२२ च्या नोव्हेंबरात परत आलं आणि काही आठवड्यांत बंद झालं. 'दिल दोस्ती दुनियादारी'ची तर गंमतच. २०१७ मध्ये 'दिल दोस्ती दोबारा' आली तेव्हा कलाकार बरेचसे तेच होते, पण पात्रं नवी, गोष्ट नवी. तीही सहा महिन्यांत आटोपली. लोकांना कलाकार नको होते, लोकांना ती रूम आणि ती सहा जणं हवी होती!

इथे एक आक्षेप येईल. मग २०१३ चं स्टार प्लसवरचं 'महाभारत' कसं चाललं? तिथे तर जवळपास सगळे चेहरे नवे होते. बरोबर आहे, पण महाभारत कुणा एका मालिकेचं नाही. ते कीर्तनात आहे, तमाशात आहे, आज्जीच्या गोष्टीत आहे. ते सांगायचा हक्क सगळ्यांना आहे, फक्त दम पाहिजे. २००८ मध्ये नाइन एक्सवर आलेलं 'महाभारत' त्याच वर्षी गुंडाळावं लागलं होतं, हेही लक्षात ठेवा. अग्निहोत्रींचा वाडा मात्र एकाच मालिकेचा आहे, त्याची दुसरी आवृत्ती लोक सहज मानत नाहीत.

आता माझं लाडकं उदाहरण, 'वागळे की दुनिया'. हिंदी असली तरी माणसं आपलीच. १९८८ ची मालिका, आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतली, दिग्दर्शक कुंदन शाह. अंजन श्रीवास्तव झाले श्रीनिवास वागळे, भारती आचरेकर त्यांची बायको राधिका. साधा कारकून माणूस, बसची रांग, घरातली छोटी भांडणं. शाहरुख खान स्टार होण्याआधी एका भागात येऊन गेलाय, हे क्विझवाल्यांसाठी.

८ फेब्रुवारी २०२१ ला ही मालिका सोनी सबवर परत आली. बनवणाऱ्यांनी काय केलं? नवा तरुण श्रीनिवास वागळे शोधला नाही. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांनाच घेतलं, ३३ वर्षांनी म्हातारे झालेले. श्रीनिवास आता रिटायर आजोबा. गोष्ट त्यांच्या मुलाची, राजेशची, म्हणजे सुमीत राघवनची, त्याच्या बायकोची आणि दोन मुलांची. साई दर्शन हाइट्स नावाची सोसायटी, ईएमआय, मुलांचे मोबाइल. जुना वागळे पैसे जपून वापरायचा, नवा वागळेसुद्धा जपूनच वापरतो, पण त्याच्या काळज्या वेगळ्या आहेत. ज्यांनी जुनी पाहिली त्यांना ओळखीचे चेहरे मिळाले, ज्यांनी नाही पाहिली त्यांना काही अडलं नाही. या मालिकेने हजार भागांचा टप्पा ओलांडला.

तक्रार माझीही आहे. जुनी मालिका आठवड्यातून एकदा यायची आणि थोडक्यात आटपायची, नवी रोजची. रोज वीस-बावीस मिनिटं भरायची म्हटल्यावर पाणी वाढणारच, आणि मग शेवटी बोधामृत. पूर्वी दूरदर्शनवर तेरा-तेरा भागांची मंजुरी मिळायची. लेखकाला आधी शेवट ठाऊक असायचा. 'महाभारत'सुद्धा ९४ भागांत संपलं. आजची मालिका टीआरपी आहे तोवर संपत नाही आणि टीआरपी गेला की शेवटाशिवाय संपते. जुनं परत आणताना सगळे नाव आणतात, हा आटोपशीरपणा कुणी आणत नाही. २०२५ च्या जुलैत 'क्योंकि सास भी कभी बहू थी' परतली तेव्हा ती ठरावीक भागांचीच म्हणून जाहीर झाली होती. बाकी त्या मालिकेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण ही कल्पना चांगली होती.

वागळेंसारखंच 'सीआयडी'चं. बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम हे आधी मराठीत 'एक शून्य शून्य'मध्ये एकत्र होते, मग १९९८ ते २०१८ 'सीआयडी', आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा. मधल्या सहा वर्षांत या मालिकेचे नवे भाग येत नव्हते, पण ती मीम्समध्ये होती, त्यामुळे आपल्या बॅचला ती कधी जुनी वाटलीच नाही. एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्नला मारून नवा एसीपी आणला तेव्हा लोक असे काही भडकले की साटमांना परत आणावं लागलं. 'डॉक्टर हू' १९८९ ला थांबून २००५ ला परत आली आणि चालली, कारण तिथला नायक मूळ गोष्टीतच शरीर बदलतो, नवा नट हा त्याचा नियमच आहे. आपल्या एसीपीला ती सोय नाही.

नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात. पप्पांबरोबर एकदा गेले होते तेव्हा एका म्हाताऱ्या कलाकाराने मला सांगितलं, वग जुना चालतो, बतावणी जुनी चालत नाही. बतावणीत सोंगाड्याला या वर्षीचा कांद्याचा भाव, या वर्षीची निवडणूक आणावीच लागते. हे मला सगळ्या टीव्हीवाल्यांना पोस्टाने पाठवावंसं वाटतं. सह्याद्रीवर १९९७ साली आलेली 'दामिनी', ती धीट पत्रकार, २०२५ च्या ऑक्टोबरात 'दामिनी २.०' म्हणून परत आली. अन्यायाविरुद्ध लढणारी बाई, हा वग आजही तितकाच खरा आहे. पण १९९७ मध्ये बातमी छापून आली की काम फत्ते व्हायचं, आज तीच बातमी तासाभरात खोटी ठरवणारे शंभर व्हिडिओ येतात. त्या मालिकेचं यश यावरच ठरेल, असं माझं मत.

आणि 'टिपरे' परत आली तर? आली तर मला दुसरे कुणी आबा नकोत. शिऱ्या आता चाळिशीचा बाप दाखवा, त्याची मुलगी कॉन्व्हेंटमध्ये जाणारी. घर आवरताना तिला आबांच्या अनुदिनीची वही सापडते. तिला त्यांचं मोडलेलं अक्षर लागतं की नाही, लागलं तर शब्द कळतात की नाही, आणि ते विचारायला ती कुणाकडे जाते, एवढ्यावर पहिले चार भाग आरामात निघतील. एकूण तेराच करा.