वेबसाइटचे पैसे तुम्ही दिले, पण कोड कोणाचा?

ऑनलाइन विक्रीच्या व्हिडिओत वेळेअभावी मागे राहिलेला मुद्दा आज सविस्तर बघू.

समजा, पैठणमधल्या एका ताईंनी पैठणीच्या ऑर्डर घेणारं ॲप बनवून घेतलं. ग्राहक पदर, काठ, रंग निवडतो आणि विणकराकडे ऑर्डर जाते. काम एका ओळखीच्या मुलाने घरून केलं, व्यवहार तोंडी, पैसे यूपीआयने. दोन वर्षांत धंदा वाढला. आता भागीदार पैसे घालायला तयार आहे, पण तो विचारतो, "ॲपची मालकी कागदावर कोणाची?"

बहुतेक जण म्हणतील, "पैसे आम्ही दिले, म्हणजे आमचीच." इथेच गडबड आहे.

कॉपीराइट कायदा १९५७ नुसार सॉफ्टवेअरचा कोड हे लेखनासारखंच धरलं जातं. तुमच्या पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून कोड लिहिला, तर वेगळा करार नसल्यास मालकी तुमची. पण बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिला, तर साधारणपणे पहिला मालक तोच. हक्क तुमच्याकडे यायला त्याच्या सहीचा लेखी करार लागतो. पैसे दिल्याची पावती म्हणजे करार नव्हे.

करारातही दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. मुदत लिहिली नाही तर कायदा हक्क फक्त ५ वर्षांसाठी दिले असं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. उद्या दुबईतल्या मराठी ग्राहकांसाठी ॲप चालवायचं असेल तर? म्हणून "कायमस्वरूपी" आणि "जगभरासाठी" हे शब्द घालाच.

डोमेन आणि पासवर्ड. डोमेन, होस्टिंग, प्ले स्टोअरचं खातं, सगळं तुमच्या ईमेलवर असू द्या. डेव्हलपरच्या नावावर डोमेन असेल आणि त्याने नूतनीकरण केलं नाही, तर दुकानाची पाटीच उतरली समजा.

ब्रँडचं नाव. "पैठणी" या नावाला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे जीआय. ते कोणा एकाला विकत घेता येत नाही. यंत्रमागाची साडी अस्सल पैठणी म्हणून ॲपवर टाकली, तर १९९९ च्या जीआय कायद्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे. त्यामुळे विणकर जीआयचा अधिकृत वापरकर्ता आहे का, हे विचारून घ्या. तुमचं स्वतःचं वेगळं नाव मात्र ट्रेडमार्क करा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरण.

ग्राहकाची माहिती. नाव, मोबाइल, पत्ता घेता म्हणजे जबाबदारीही घेता. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. माहिती कशासाठी घेतो, हे सोप्या भाषेत सांगून संमती घ्या. ही सूचना मराठीत वाचायचा पर्यायही ग्राहकाला द्यायचा आहे.

तक्रार कुठे करायची? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार साइटवर कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क दिसला पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण एका महिन्यात. संमतीच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवणंही चालत नाही.

हे सगळं धंदा वाढल्यावर करू, असं म्हणू नका. सुरुवातीला डेव्हलपर सहज सही करतो. धंदा चालू लागला की त्याच सहीची किंमत वाढते, आणि तो नाही म्हणाला तर ॲप पुन्हा बनवावं लागतं.

आजचा गृहपाठ: डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे ते तपासा. डेव्हलपरशी करार झालाय का ते बघा. नसेल, तर वकिलाकडून हक्क हस्तांतरणाचा करार करून घ्या. पुढचा हप्ता सही झाल्यावरच द्या!