एका अंकाचे अंतर : ७५२०यू आणि ७५३०यू

सोयाबीन-तुरीची येणी वसूल झाली, की मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावातील व्यापारी कुटुंबात कधी ना कधी नव्या लॅपटॉपचा विषय निघतो. दुकानाची बिले, जीएसटीची विवरणपत्रे आणि मुलामुलींचे शिक्षण या तिन्ही गरजा एकाच यंत्राने भागवाव्यात, अशी वडीलधाऱ्यांची अपेक्षा असते. मग कारंजा, वाशीम किंवा अकोला गाठले जाते. तेथे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन लॅपटॉपांवर ‘रायझन ५’ हेच नाव दिसते. मात्र एकाच्या माहितीपत्रकात ७५२०यू, तर दुसऱ्याच्या ७५३०यू असा क्रमांक असतो. फरक अवघा दहाचा! त्यातून पहिला थोडा स्वस्त मिळत असेल, तर हात साहजिकच तिकडे वळतो.

हे दोन्ही प्रोसेसर एएमडी या कंपनीचे. पहिला सप्टेंबर २०२२मध्ये, दुसरा जानेवारी २०२३मध्ये जाहीर झाला. वयाने जवळजवळ सारखे. घडणीने मात्र अगदी निराळे. ७५२०यूमध्ये चार कोअर आहेत, ७५३०यूमध्ये सहा. कोअर म्हणजे पेढीवर बसलेला मुनीम असे समजावे. पहिल्या पेढीवर चार मुनीम, दुसरीवर सहा. शिवाय मुनिमांची तालीमही वेगळी. ७५२०यूचे कोअर ‘झेन २’ या रचनेचे असून ती रचना २०१९ सालची. ७५३०यूचे ‘झेन ३’चे, म्हणजे २०२० सालचे. एकाच गतीने चालवले तरी झेन ३ सरासरी १९ टक्के अधिक काम करते, असे कंपनीनेच त्या वेळी सांगितले होते.

मुनिमाच्या हाताशी असलेली फळीही पाहावी लागते. प्रोसेसरच्या आत ‘कॅशे’ नावाची छोटी स्मृती असते (नगदी रोकडीशी तिचा काही संबंध नाही). वारंवार लागणारा माल गोदामातून न आणता गल्ल्याजवळच ठेवावा, तसे तिचे काम. तिसऱ्या स्तराची ही कॅशे ७५२०यूमध्ये ४ एमबी, तर ७५३०यूमध्ये १६ एमबी आहे.

आता गंमत पाहा. पत्रकातील मूळ गती वाचली, तर ७५२०यूची २.८ गिगाहर्ट्झ आणि ७५३०यूची २.० गिगाहर्ट्झ. केवळ या आकड्यावर सौदा करणारा ग्राहक दुबळ्या प्रोसेसरला बलवान समजून घरी घेऊन येईल. वास्तविक कामाचा ताण पडला की दोघेही गती वाढवतात आणि त्यांची कमाल मर्यादा अनुक्रमे ४.३ व ४.५ गिगाहर्ट्झ आहे. गती म्हणजे सेकंदाला पडणारे ठोके. एका ठोक्यात किती काम उरकते, हे त्यात लिहिलेले नसते. याच एएमडीने २००१ साली १.५३ गिगाहर्ट्झच्या आपल्या प्रोसेसरला ‘अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+’ असे नाव दिले होते, ते ठोक्यांवरून ग्राहकाने किंमत ठरवू नये म्हणूनच.

क्रमांकाचा उलगडा मात्र कंपनीने करून ठेवला आहे. २०२३च्या लॅपटॉपांसाठी लागू केलेल्या पद्धतीत पहिला अंक वर्षाचा, दुसरा दर्जाचा आणि तिसरा रचनेचा. म्हणजे ७५२०मधील २ झेन २चा आणि ७५३०मधील ३ झेन ३चा. सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या स्थानी ठेवायची आणि ठळक अक्षरांत ‘रायझन ५’ छापायचे, याला लबाडी म्हणता येणार नाही. पण सरळ व्यवहारही म्हणवत नाही. प्रतिस्पर्धी इंटेलने २०२३च्या अखेरीस या नामकरणावर टीका केली खरी, परंतु त्यांच्या ‘दहाव्या पिढी’तही १४ आणि १० नॅनोमीटरच्या दोन भिन्न रचना एकाच नावाने विकल्या गेल्या होत्या. २०२४मध्ये आलेल्या ‘रायझन एआय ३००’ मालिकेपासून एएमडीने पद्धत पुन्हा बदलली; तेव्हा वरील किल्ली त्या कुलपांना चालणार नाही.

मग ७५२०यू त्याज्य ठरतो काय? मुळीच नाही. बिले करणे, हिशेब लिहिणे, पोर्टलवर विवरणपत्र भरणे या कामांत प्रोसेसरचा बराचसा वेळ वाट पाहण्यातच जातो. केवळ दुकानासाठी लॅपटॉप हवा असेल आणि किमतीत खरोखर चांगली तफावत असेल, तर तो जरूर घ्यावा. एक खबरदारी मात्र आवश्यक आहे. या प्रोसेसरसोबत एलपीडीडीआर५ जातीचीच मेमरी लागते आणि ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ८ जीबी घेतली तर अखेरपर्यंत ८ जीबीच. ७५३०यूच्या अनेक लॅपटॉपांत मेमरी वाढवण्याची जागा असते. ती आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. घरातील मुलगी अभियांत्रिकीला असेल, मुलाला चित्रफितींचे संपादन शिकायचे असेल किंवा चार-पाच वर्षे यंत्र बदलायचे नसेल, तर थोडे अधिक देऊन ७५३०यू घेणे हिताचे. दोन्ही एकाच भावाने मिळत असतील, तर विचार करण्याचे कारणच उरत नाही.

विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याची गरज नाही. लॅपटॉप सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. विंडोजचा ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या भागात प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, कोअरची संख्या आणि एल३ कॅशे दिसते. तेथे चार कोअर व ४ एमबी दिसले, तर समोरचे यंत्र ७५३०यूचे नाही. भाव त्या हिशेबानेच करावा.