खेळाचा कारभारी : कोणाला किती?

बीसीसीआय (मुंबई) : अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही निवडून येणारी पदे मानद आहेत. पगार नाही, प्रवास आणि बैठकांचे भत्ते मिळतात. रोजचा कारभार पगारी व्यावसायिकाकडे द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये सुचवले. त्याच वर्षी डिस्कव्हरी वाहिनीतून आलेले राहुल जोहरी मंडळाचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. २०२० मध्ये ते पायउतार झाले.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती : अध्यक्षपद नावाला मानद. मात्र अध्यक्षांना वर्षाला २ लाख २५ हजार युरो मिळत होते, हे समितीने २०१५ मध्ये जाहीर केले.

फिफा (जागतिक फुटबॉल संघटना) : लाचखोरीच्या प्रकरणांनंतर वरिष्ठांचे पगार उघड होऊ लागले. तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांना २०१५ मध्ये ३६ लाखांहून अधिक स्विस फ्रँक मिळाल्याचे त्यातून कळले. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष जियानी इन्फान्तिनो यांचा २०१६ मध्ये ठरलेला मूळ पगार १५ लाख फ्रँक होता.

एनएफएल (अमेरिकी फुटबॉल लीग) : कमिशनरची नेमणूक ३२ संघांचे मालक करतात. कमिशनर रॉजर गुडेल यांना २०१२ या एका वर्षात सुमारे ४.४ कोटी डॉलर मिळाले. २०१५ मध्ये लीगने करसवलत सोडली आणि पगार जाहीर करण्याचे बंधनही संपले.

तात्पर्य : मानद पद परवडते ते आधीच सधन किंवा सत्तेत असलेल्यांना. बाहेरचा जाणकार हवा, तर पगार मोजावा लागतो. तो कोण ठरवतो आणि तो जाहीर होतो का, हे आकड्याइतकेच महत्त्वाचे.