कापडाची उलटी बाजू पाहा!

जानेवारीतल्या एका रविवारी बेंगळुरूचा कुमार कृपा रस्ता वाहनांना बंद होतो आणि दुतर्फा चित्रंच चित्रं मांडली जातात. ही कर्नाटक चित्रकला परिषदेची ‘चित्र संते’. संते म्हणजे बाजार. २००३ साली सुरू झालेल्या या बाजारात चित्रकार आपल्या चित्राशेजारी स्वतः उभा असतो. गिऱ्हाईक त्याचं नाव विचारतं, चित्रावर सही आहे ना ते पाहतं, मग पैसे मोजतं.

परिषदेच्या आवारात एरवी अधूनमधून हस्तकलेची आणि हातमागाची प्रदर्शनंही भरतात. तिथे मात्र पहिला प्रश्न असतो, ‘‘कमी किती कराल?’’ सुई चालवणारी बाई कलावंत नाही का? उन्हाळ्याच्या सुट्टीत बेंगळुरूला गेलात आणि असं प्रदर्शन भरलेलं असलं, तर घासाघीस करण्याआधी थोडं थांबा.

गाठ नसलेली कसुती

धारवाड भागातली कसुती म्हणजे धागे मोजून केलेलं भरतकाम. कापडावर आधी नक्षी छापायची नाही आणि धाग्याला गाठ मारायची नाही! गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. पैकी गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन या सगळ्या आकृत्या केवळ मोजणीवर उभ्या राहतात. एक धागा चुकला की पुढची सारी नक्षी बिघडते. आपल्या आवडत्या इरकल साडीवर अशी कसुती भरायला महिने लागू शकतात.

संडूरचे आरसे

बळ्ळारी जिल्ह्यातलं संडूर हे एकेकाळी घोरपडे घराण्याचं संस्थान. तिथल्या लंबाणी, म्हणजे आपल्याकडच्या बंजारा स्त्रियांच्या भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० बैठकीच्या वेळी ४५०हून अधिक स्त्रियांनी केलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडल्या गेल्या आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली.

सिद्दींची कावंदी

उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळकडच्या सिद्दी समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात, ती कावंदी. काम एका कोपऱ्यातून सुरू होतं आणि कडेकडेने फिरत मधोमध येतं. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे तुकडे लावतात. त्यांना ‘फुलं’ म्हणतात. त्यांच्यावाचून कावंदी उघडी वाटते, असं त्या मानतात.

विकत घेताना

* कापड उलटून पाहा. मशीनच्या भरतकामाला मागे बहुधा वेगळा दोरा किंवा चिकटवलेलं अस्तर दिसतं.
* आरसा टाक्यांनी धरलेला आहे की नुसता चिकटवलेला, हे बोट फिरवून तपासा.
* कोणी केलं, कुठल्या गावी आणि किती दिवस लागले, हे विचारा. दिवसांचा हिशेब कळला, की किंमत महाग वाटेनाशी होते.
* विक्रेता दलाल असेल, तर त्यालाही करणारीचं नाव विचारा. गिऱ्हाईकं विचारू लागली, तर उद्या तो ते सांगायला तयार होऊन येईल.

आणि घरी आल्यावर एक करा. करणारीचं नाव, गाव आणि साल कापडाच्या छोट्या पट्टीवर लिहून साडीच्या आतल्या काठाला शिवून टाका. उद्या ती साडी लेकीसुनेकडे जाईल, तेव्हा करणारीचं नावही सोबत जाईल.