‘विंडोज टाकून देतो, ताई!’

सोन्याची साधी अंगठी घ्यायची तरी आपण हॉलमार्क बघतो, पावती मागतो. मिक्सर घेतला तर गॅरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का आहे ना, हे दोनदा तपासतो. पण घरात कॉम्प्युटर येतो तेव्हा? दुकानदार म्हणतो, ‘विंडोज टाकून देतो, ताई,’ आणि आपण मान डोलावतो. त्यानं काय टाकलं, कुठून आणून टाकलं, बिलात त्याचे पैसे लावले की नाही, यातलं काहीच आपण विचारत नाही.

मैत्रिणींनो, ‘हे सगळं ह्यांना किंवा मुलाला कळतं’ असं म्हणून विषय सोडून देऊ नका. बचत गटाचे हिशेब, मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, शिवणकामाच्या ऑर्डरी, असं सगळं आज त्या एकाच डब्यात असतं.

कॉम्प्युटर सुरू केला की सगळा कारभार हाती घेते ती ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज ही त्यातलीच एक. पैसे मोजले तरी विंडोज आपल्या मालकीची होत नाही; आपल्याला मिळतो तो वापरायचा परवाना, म्हणजे लायसन्स. गंमत म्हणजे १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम चक्क साहित्यकृतींत जाऊन बसला! चोरून छापलेली कादंबरी जशी बेकायदा, तशीच चोरून घातलेली विंडोजही.

परवाने किती तऱ्हांचे?

पहिला ‘ओईएम’. हा यंत्राबरोबर येतो. कंपनीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज आधीच असते, ती या प्रकारची. ही स्वस्त पडते, पण त्या यंत्राशी बांधलेली असते. लॅपटॉप मोडीत गेला की परवानाही गेला. नव्या यंत्रावर नेता येत नाही.

इथे एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये या परवान्याची किल्ली मदरबोर्डातच साठवलेली असते. त्यामुळे नुसती हार्ड डिस्क बदलली, तर तीच आवृत्ती पुन्हा घातल्यावर आणि इंटरनेट जोडल्यावर परवाना आपोआप ओळखला जातो. दुरुस्तीवाल्यानं मेहनतीचे पैसे घ्यावेत, पण ‘विंडोज नवी घ्यावी लागेल’ असं म्हणाला, तर का, ते जरूर विचारा.

दुसरा ‘रिटेल’. हा सुटा विकत मिळतो. महाग असतो, पण आपल्याबरोबर येतो. जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर घालता येतो. मात्र एका वेळी एकाच यंत्रावर. सुटे भाग जुळवून केलेला कॉम्प्युटर घेणार असाल आणि पुढे त्यात बदल करत राहणार असाल, तर हा बरा.

तिसरा ‘व्हॉल्यूम’, म्हणजे घाऊक. हा कंपन्या, कॉलेजं, कार्यालयं यांच्यासाठी असतो. इंटरनेटवर तीनशे-चारशे रुपयांत ‘ओरिजिनल की’ विकायला असते ना, त्यातल्या बऱ्याच अशा कुठल्या तरी संस्थेच्या परवान्यातून बाहेर पडलेल्या असतात. आज चालते, उद्या कंपनीनं ती रद्द केली की आपले पैसे पाण्यात. रेशनच्या दुकानातलं धान्य बाहेर विकतात, तसलाच हा प्रकार.

आणि चौथी तऱ्हा, जिची आठवण दुकानदार सहसा करून देत नाही, ती म्हणजे मुक्त परवाना. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सची सुरुवात केली. उबुंटू, लिनक्स मिंट ही त्याचीच भावंडं. ती फुकट घ्या, दहा यंत्रांवर घाला, शेजारणीला द्या, सगळं कायदेशीर! केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं यावरच कॉम्प्युटर शिकत आली आहेत.

चोरीचा माल महाग पडतो

आमच्या भागातल्या एका बचत गटाची हकिकत सांगते. गटानं जुळवणीचा कॉम्प्युटर घेतला. बिलावर विंडोजची ओळच नव्हती. वर्षभर छान चाललं. मग एके सकाळी सगळ्या फायली कुलूपबंद, आणि पडद्यावर पैशांची मागणी! विषाणू नेमका कुठून शिरला हे सांगता आलं नाही. पण दुरुस्तीला आलेल्या मुलानं दाखवलं, की परवान्याचं कुलूप तोडून विंडोज चालवलेली होती, त्यासाठी अँटिव्हायरस बंद केलेला होता आणि अपडेटही कायमचे थांबवलेले होते. म्हणजे घराचं दार सताड उघडं! कर्जाच्या नोंदींची कागदी वही ठेवलेली होती म्हणून निभावलं. नाहीतर कोणी किती हप्ते भरले यावरून बायकाबायकांत भांडणं लागली असती. पैशापेक्षा विश्वास गेला असता, तो कुठून भरून आणायचा?

मग घ्यावं काय?

आपलं काम काय, यावर ते ठरवा. टॅलीत हिशेब ठेवता, जुन्या मराठी फाँटमध्ये डीटीपी करता, किंवा मुलगी एमएस-सीआयटी करते आहे, तर विंडोजच सोयीची. अशा वेळी ओईएम विंडोजसह कंपनीचा लॅपटॉप घेणं बहुतेकींना परवडतं. ‘डॉसवाला लॅपटॉप स्वस्त आहे’ असं सांगितलं, तर समजा की त्यात विंडोज नाही. तिचा खर्च धरून मगच किंमत ताडून बघा.

पण काम नुसतं इंटरनेट, ई-मेल, युनिकोड मराठीतलं टायपिंग आणि साधे तक्ते एवढंच असेल, तर लिनक्स उत्तम. लिब्रेऑफिसमध्ये पत्रं आणि हिशेब दोन्ही होतात. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, जुनं काही न पुसता. आवडलं तरच ठेवा.

जुना कॉम्प्युटर असलेल्यांनी तर हे बघावंच. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम तर लागतेच, शिवाय ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा-सोय लागते. यंत्रात हे सगळं असेल आणि परवाना खरा असेल, तर १० वरून ११ वर जायला वेगळे पैसे पडत नाहीत. नसेल, तर चांगलं चालणारं यंत्र भंगारात देण्याआधी लिनक्स मिंट घालून बघा.

दुकानात विचारा

विंडोज कोणती, होम की प्रो? ओईएम की रिटेल? बिलावर तिची वेगळी नोंद कराल का? ऑफिस यात धरलं आहे की त्याचे पैसे वेगळे? (त्याचा परवाना स्वतंत्र असतो, बरं का!) घरी आल्यावर सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि मग ‘ॲक्टिव्हेशन’ उघडून परवाना चालू दिसतो का, तेही बघा. मात्र तेवढ्यावर विसंबू नका. कुलूप तोडलेली विंडोजही तिथे ‘चालू’ दिसू शकते. खरा पुरावा बिलच.

दुकानदार थोडा चकित होईल, होऊ दे. भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, चाळीस हजारांच्या वस्तूला चार प्रश्न विचारायला कशाला लाजायचं? आणि हो, हिशेबाच्या फायलींची एक प्रत दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. परवाना कुठलाही असो, ही सवय सोडू नका.