गिअरचा दांडा हलला, पण गिअर पडला का?

कळवण तालुक्यात नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट चढताना आता ऑटोमॅटिक गाड्या बऱ्याच दिसतात. क्लचची कटकट गेली, पण काही गैरसमज आले. उतारावर ते जिवावर बेतू शकतात.

गैरसमज : दांडा ढकलला म्हणजे गिअर पडलाच.
वस्तुस्थिती : इलेक्ट्रॉनिक दांडा फक्त संगणकाला इशारा देतो. काही गाड्यांत तो दर वेळी मधल्या जागी परत येतो, त्यामुळे गिअर कोणता पडला हे हाताला कळत नाही. नजर डॅशबोर्डवरच्या अक्षरावर हवी.

गैरसमज : गाडी घरंगळली तर चूक चालकाचीच.
वस्तुस्थिती : अशाच दांड्यामुळे एप्रिल 2016 मध्ये फियाट क्रायस्लरने 11 लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. हा दांडा सहज उमगणारा नाही, असा अमेरिकी सुरक्षा यंत्रणेचा निष्कर्ष होता. त्याच जूनमध्ये अभिनेता अँटन येल्चिन लॉस एंजेलिसमध्ये घराच्या उतारावर स्वतःच्याच घरंगळलेल्या जीप ग्रँड चेरोकी आणि विटांच्या खांबाच्या मध्ये चिरडून मरण पावला. ती गाडीही या यादीतली होती. पुढे कंपनीने चालक उतरू लागताच आपोआप ‘पी’ (पार्क) टाकणारी सोय बसवून दिली.

गैरसमज : प्रत्येक ऑटोमॅटिकमध्ये ‘पी’ असतोच.
वस्तुस्थिती : 2014 मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या एएमटी गाड्यांत तो सहसा नसतो. आत नेहमीचाच गिअरबॉक्स आणि क्लच असतो, फक्त ते यंत्र चालवते. न्यूट्रलमध्ये सोडलेली अशी गाडी केवळ हँडब्रेकच्या भरवशावर उभी असते. म्हणून हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करावे.

गैरसमज : ‘पी’ टाकला की हँडब्रेक कशाला?
वस्तुस्थिती : ‘पी’मध्ये गिअरबॉक्समधली एक छोटी खुंटी दात्यात अडकते. घाटात गाडीचा सारा भार त्या खुंटीवर टाकू नये. ब्रेक दाबलेला असतानाच आधी हँडब्रेक ओढावा, मग ‘पी’ टाकावा.

चालकाच्या हाताला न कळणारा गिअर हा रचनेचा दोष आहे आणि तो सुधारणे कंपन्यांचे काम आहे. तोवर आपण एवढे करू : अक्षर पाहायचे, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचे आणि मगच दार उघडायचे. चढावर चाकामागे दगड लावण्याची जुनी सवयही सोडू नका.